ठेवलेला अंगठा

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार

आज पाटी लागली. रंगवणाऱ्याने विचारलं, नोटरी म्हणजे दातांचं का? म्हटलं, नाही, शिक्क्यांचं. त्याला ते फारसं पटलं नाही, पण पाटी सुरेख काढून दिली. प्रमिला कीर्तिकर, वकील व नोटरी.

गिरगावाहून ट्रामने आले. वहिनीने डब्यात करंज्या दिल्या होत्या. दिवाळीतल्या उरलेल्या नाहीत, मुद्दाम आजसाठी केलेल्या. भाईचं अजून म्हणणं आहे की मी फोर्टात जागा घ्यायला हवी होती. पण फोर्टात नोटरी पुष्कळ आहेत. लालबागच्या माणसाला एका शिक्क्यासाठी फोर्टात जायचं म्हणजे पाळी बुडवावी लागते. इतकी वर्षं स्मॉल कॉज कोर्टात या चाळींची नुसती नावं वाचली, आता त्यांच्यात येऊन बसावंसं वाटलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला काही नव्याने सुरू करायला मिळतं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

खोली तळमजल्यावर, कडेला आहे. समोरच्या भिंतीवर गेरूने 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं आहे. कोणी तरी चुना फासून पुसलं होतं, त्यावर पुन्हा लिहिलं आहे. शेजारी कांताबाईंचं मसाला कुटायचं दुकान. यंत्र सुरू झालं की आमची भिंत थरथरते आणि मिरचीचा खकाणा दाराखालून आत येतो. दिवसभर शिंकले. कांताबाई दारात येऊन हसून गेल्या. म्हणाल्या, महिन्याभरात सवय होईल, नाहीतर नाक तरी जाईल.

टंकलेखक मिळाला आहे. दौलत. परळला बी.डी.डी. चाळीत राहतो, दोन लेकरांचा बाप आहे, रात्रशाळेत टायपिंग शिकला. बोटं अशी चालतात की पाहत बसावं. तो म्हणाला, बाई, तुमच्या खुर्चीपेक्षा माझी उंच आहे, लोक मलाच नोटरी समजतील. खुर्च्या बदलून घेतल्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर पितळी शिक्का कोऱ्या कागदावर दाबून पाहिला. शाई नाही, काही नाही. नुसता कागद उठतो आणि गोलाकार माझं नाव येतं. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. वाचता आलं.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

काम येऊ लागलं आहे. एक बाई जन्मपत्रिका करायला आली होती, तिला परत पाठवलं. बाकी सगळे खरेच नोटरीचे. गावच्या जमिनीचे कागद, भावाभावांच्या वाटण्या, नाव बदलायचं, वारसाचं.

निम्मे लोक अंगठा करतात. काहींना सही येते, पण ती केल्यावरही ते विचारतात, अंगठा पण घ्या ना. सहीवर त्यांचा विश्वास नाही. अंगठा कसा घ्यायचा हे मी माझ्या गुरूंकडे, फोर्टातल्या रघुवीर वकिलांकडे शिकले. त्यांच्या हाताखाली मी काळा कोट पहिल्यांदा घातला. त्यांची शिस्त अशी की माणसाला स्वतः अंगठा उठवू द्यायचा नाही. तो घाबरून दाबतो आणि नुसता डाग पडतो. आपण त्याचा अंगठा आपल्या बोटांत धरायचा, गादीवर टेकवायचा आणि कागदावर डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवायचा. लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतो तसा.

त्यामुळे माझ्या हातातून दिवसभर अंगठे जातात. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या माणसाचा अंगठा सुताने कापून कापून गुळगुळीत झालेला असतो, त्याच्या रेघा शोधाव्या लागतात. भांडी घासणाऱ्या बायकांचे राखेने फाटलेले. सगळे ऊन असतात. इतकी माणसं मला आयुष्यात कोणी हातात दिली नव्हती.

मग मी खाली लिहिते, माझ्या समक्ष अंगठा केला. खरं तर सगळी नोटरी एवढ्या एका शब्दात आहे. कागदात लिहिलेलं खरं की खोटं, ते तो माणूस जाणे. तो आला होता, हे मी जाणते.

२१ नोव्हेंबर, बुधवार

फोर्टातल्या गोळीबाराला आज वर्ष झालं. नाक्यावर काळी निशाणं आहेत. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. नंतर सुंदराबाई आल्या.

मालवणकडच्या आहेत. आमच्याच मागच्या चाळीत वरच्या माळ्यावर राहतात. नवरा गिरणीत वारला, पुढे मुलगा दत्ताराम त्याच गिरणीत लागला. खोली त्याच्या नावावर. जानेवारीत मुंबईभर गोळ्या चालल्या त्या आठवड्यात तो पाळीवरून निघाला आणि घरी आला नाही. इस्पितळं झाली, चौक्या झाल्या. प्रेत मिळालं नाही. मेल्याचा दाखला कोणी देईना. कायद्याने सात वर्षं थांबायचं, मग मेला असं धरायचं. तोवर तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही.

आता चाळीचा मेहता शामराव मागे लागला आहे. भाडं वसूल करणारा माणूस, दारात उभं राहून सगळ्या माळ्याला ऐकू जाईल असं बोलतो. त्याचं म्हणणं, भाडेकरू खोली सोडून गेला, म्हातारी मागे पोटभाडेकरू ठेवणार. म्हणाला, माणूस दाखव, नाहीतर माणसाचा शपथेवरचा कागद दाखव, नाहीतर महिनाअखेर भांडी गॅलरीत.

सुंदराबाईंनी कनवटीतून घडी घातलेला एक कोरा कागद काढला. खाली एक अंगठा. बाकी काही नाही.

मला ही पद्धत माहीत नव्हती. दौलतने समजावलं. इकडचे लोक भातलावणीला गावी गेले की महिना-दोन महिने येत नाहीत. मागे कशालाही कागद लागतो. म्हणून जाताना घरच्या माणसाजवळ कोऱ्या कागदावर अंगठा ठेवून जातात. लागेल ते वर लिहून घ्यायचं. विश्वासाचं काम. दत्तारामने गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात गावी जाताना ठेवलेला, लागला नाही, म्हणून ट्रंकेत राहिला.

सुंदराबाई म्हणाल्या, त्याचाच अंगठा हा, खोटा नाही. फक्त वर लिहा, खोली माझी आहे आणि आई माझ्या खोलीत राहते. आणि तुमचं ते गोल उठवा.

मी सांगितलं की हे होणार नाही. त्यांनी कागदावरच्या अंगठ्यावरून पदराने धूळ पुसली, तोंड पुसावं तशी, आणि घडी घातली.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं.

दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हातारी रस्त्यावर येईल ती कोणाच्या खोटेपणामुळे नाही, नुसतं तिच्याजवळ प्रेत नाही म्हणून. मी कोर्टात याहून पुष्कळ वाईट कागद खरे म्हणून वाचले आहेत. सकाळी दौलतला पाठवून सुंदराबाईंना बोलावलं. मजकूर मीच सांगितला, दौलतने अंगठ्याच्या वर बसवून टाइप केला. मी शिक्का हातात घेतल्यावर तो उठून बाहेर पाणी प्यायला गेला.

खाली मी लिहिलं, दत्ताराम यांनी आज माझ्या समक्ष येऊन अंगठा केला. शिक्का दाबला. सुंदराबाईंनी माझा हात धरून कपाळाला लावला. त्यांचे हात गरम होते.

एक गंमत लिहून ठेवते. रोजच्या सवयीने संध्याकाळी उठवलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, तर तर्जनीच्या टोकाला काही लागेना. थंडीने असेल.

२८ नोव्हेंबर, बुधवार

शामराव मेहता आला होता. मी मनाची तयारी केली होती की तो विचारणार, माणूस कुठे आहे, केव्हा आला, मला कसा दिसला नाही. तर तो खुशीत. चहा मागवून प्याला. म्हणाला, बाई, तुमच्या कागदाची एवढी काय जरुरी होती? म्हातारी उगाच घाबरली. सकाळी नळावर भेटला की दत्ताराम. नमस्कारसुद्धा केला. जरा वाळलाय, गावचं पाणी मानवलं नाही वाटतं.

दौलत टाइप करायचा थांबला.

मी म्हटलं, हो का. त्याखेरीज काय म्हणणार.

शामरावला कोणी तरी दुसराच दिसला असेल. भाऊबंद कोणी, चेहऱ्यात चेहरा. चांगलंच झालं.

१ डिसेंबर, शनिवार

सुंदराबाई आल्या, खुर्चीत बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, इलो तो. भाकरी वाढलंय, पण जेवक नाय."

मला वाटलं दुःखाने त्यांचं डोकं फिरलं. पण त्या अगदी शांत होत्या. कपडे धुवायला काढावेत तसं सगळं सांगितलं. बुधवारी दुपारी जिना चढून आला. गेला होता त्याच शर्टात. कुठे होतास विचारलं तर आठवत नाही म्हणतो. भिंतीला टेकून बसतो. अंगाला हात लावला तर दगड. चाळीत सगळ्यांनी पाहिला, कोणी तोंडावर काही बोलत नाही. जानेवारीत वर्षश्राद्ध करायचं म्हणून भटजींना सांगून ठेवलं होतं, त्यांना नको म्हणून निरोप धाडला.

जाताना म्हणाल्या, तुमच्या कागदाने आला.

उजव्या हाताची तीन बोटं बधिर आहेत. अंगठे धरायची तीच. वहिनीने तिळाचं तेल चोळून दिलं. तेल गरम होतं असं ती म्हणाली.

४ डिसेंबर, मंगळवार

आज तो आला.

भर दुपार. बाकावर चारपाच माणसं होती, त्यांच्यात बसला. त्याचा नंबर येईपर्यंत थांबला. कोणाला वेगळं काही वाटलं नाही. तिशीचा, रुंद कपाळाचा, आईसारखा. शर्ट धुतलेला, पण डाव्या बाजूला एक डाग जात नाही, चहाचा असावा तसा.

समोर बसला तरी दौलतने यंत्रावरून मान वर केली नाही. त्याच्या कानशिलावर घाम होता.

मी विचारलं, काय काम आहे. तो म्हणाला, "अंगठा द्यायचा राहिला ना बाई. तुम्ही लिवलंत समक्ष, म्हणून यावं लागलं."

आवाज साधा. तक्रार नाही. उशीर झाला म्हणून ओशाळलेला माणूस बोलतो तसा.

मी सवयीने हात पुढे केला. त्याचा अंगठा माझ्या बोटांत घेतला, गादीवर टेकवला, कागदावर डावीकडून उजवीकडे फिरवला. थंड होता म्हणणं बरोबर नाही. काहीच नव्हता. उचलला तर कागद कोरा.

तो कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, पुन्हा येतो.

मला भीती वाटायला हवी होती. मी पुढच्या माणसाला बोलावलं.

७ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिस बंद. बाबासाहेब गेले. दौलत काल सकाळी बातमी ऐकून तसाच उठून गेला, यंत्र उघडं टाकून. आज परळचा रस्ता दिसत नाही, माणसंच आहेत. म्हातारे पुरुष लहान मुलासारखे रडताहेत. मी फुटपाथवर उभी होते. शेजारच्या अनोळखी बाईने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला पाठ लागली नाही.

मला रडू आलं नाही. मला ते यायला हवं होतं. घरी येऊन आरशासमोर बसले, तरी नाही.

१३ डिसेंबर, गुरुवार

दौलत परत आला आहे. डोकं भादरलेलं. कामापुरतं बोलतो.

दत्ताराम एक दिवसाआड येतो. नंबर लावतो, बसतो, अंगठा देतो. आज कागदावर पुसट रेघा उठल्या. दवात बोट ओढल्यासारख्या. त्याला बरं वाटलं. म्हणाला, आईच्या हातची भाकरी आज गोड लागली.

माझा हात मनगटापर्यंत गेला आहे. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल. सुई टोचून पाहिली. रक्त यायला वेळ लागला.

१८ डिसेंबर, मंगळवार

कांताबाई दारात आल्या. आज लवंगी मिरची कुटत होत्या, रस्त्यावरची माणसं तोंडाला फडकी लावून जात होती. मला म्हणाल्या, "बाई, तुम्हाला ठसका नाही लागत आता. सवय झाली एवढ्यात?"

हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. माझ्याकडे नीट बघितलं. डोळे बारीक करून, उन्हात लांबचं माणूस ओळखावं तसं.

संध्याकाळी मूठभर मिरचीपूड आणून नाकाशी धरली. काही नाही. जिभेवर ठेवली. माती.

२४ डिसेंबर, सोमवार

दत्तारामचा अंगठा जवळजवळ पूर्ण उठला. मध्ये एक भोवरा आहे त्याच्या रेघांना, ठेवलेल्या कागदावर आहे तोच. आज त्याचा हात कोमट होता, असं दौलत म्हणाला. दौलतला मीच धरायला सांगितलं, मला कळेना म्हणून. दौलत नंतर किती तरी वेळ हात धूत होता.

मग त्याने मला सांगितलं, पहिल्यांदाच इतकं बोलला. म्हणाला, बाई, तो भरतोय आणि तुम्ही रिकाम्या होताय. तुम्ही खोटं हजर केलंत त्याला. त्याची गैरहजेरी कुठे तरी जायला पाहिजे ना. ते लिहिलेलं मोडा.

मोडायचं म्हणजे मी दुसऱ्या नोटरीसमोर शपथेवर सांगायचं की दत्ताराम त्या दिवशी माझ्यासमोर आला नव्हता. सनद जाईल. तिचं एवढं वाटत नाही आता. कशाचंच वाटत नाही.

२९ डिसेंबर, शनिवार

सुंदराबाईंना सांगायला त्यांच्या खोलीवर गेले. सांगितल्याशिवाय करणं बरं नव्हतं.

दत्ताराम दाराशी पाट टाकून जेवत होता. कालवण, भात. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मला बघून उठून उभा राहिला. बसा म्हणाला. गिरणीत बदली कामगार म्हणून पुन्हा घेतील, माणसं भरणाऱ्या जॉबरशी बोलणं झालंय. पुढच्या उन्हाळ्यात गावी जाऊन घर शाकारायचं आहे.

सुंदराबाई माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या. त्यांना सगळं आधीच समजलं होतं. माझे पाय धरले. "माझ्या झिलाक परत मारू नका, बाई. एकदा गोळीन मारल्यानी, आता कागदान नको."

मी त्यांना उठवलं. काय बोलावं हे आठवेना.

२ जानेवारी १९५७

ट्रामच्या कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. पैसे हातात धरून बसले होते. माझ्या मांडीवर एकाने पिशवी ठेवली. मग चपापला, माफ करा म्हणाला. दिसला नाहीत.

७ जानेवारी

वहिनीने पानं घेतली. माझं घ्यायचं राहिलं. भाई जेवायला लागला तरी कोणाच्या लक्षात नाही. मी उभी. मग वहिनी एकदम — अगं, तू केव्हा आलीस? रडायला लागली. तिला वाटतं तिचंच वय झालं.

हात आता खांद्यापर्यंत.

१० जानेवारी

बाकावर आज सात-आठ बायका. सगळ्यांच्या हातात घडी. कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ. कोरे कागद. अंगठे. कळलंय सगळीकडे.

त्या दौलतशी बोलल्या. नोटरीबाई केव्हा येणार विचारलं. मी समोर बसले होते —

दौलतने त्यांना घालवलं. दार लावलं. उद्यापासून येत नाही म्हणाला. मी म्हटलं, येऊ नकोस. मला ऐकू आलं माझं बोलणं. त्याला आलं की नाही, सांगता येत नाही. जाताना पाटीला हात लावून गेला, एवढं पाहिलं.

१४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ. गोड आहे असं म्हणतात.

दत्ताराम एक वाटी घेऊन आला होता. आईने दिलाय. माझ्या हातावर ठेवला. बघत होता माझ्याकडे. म्हणाला, बाई, तुमच्या हाताला काय झालंय, दगड झालाय —

त्याला खरंच माहीत नाही. त्याला वाईट वाटलं. चांगला मुलगा आहे.

त्याचा हात ऊन आहे, असणार. त्याने वाटी परत घेतली तेव्हा वाटीवर त्याच्या बोटांची वाफ धरली होती.

१६ जानेवारी

उद्या फोर्टात. रघुवीर वकिलांकडे. मजकूर मीच लिहिला आहे. 'दत्ताराम माझ्या समक्ष आला नव्हता.' एकच वाक्य. लिहिताना अक्षर — पेन धरलंय की नाही, बघून बघून —

म्हातारीचं काय होणार ते मला कळतं. कळतं, एवढंच. खाली काही उतरत नाही. म्हणून उद्याच. परवा कदाचित हेही —

१७ जानेवारी

रघुवीर वकिलांच्या बाकावर बसून लिहिते आहे. लिहिते तोवर मी आहे, असं धरून.

त्यांनी मला ओळखलं नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोण आपण? मी नाव सांगितलं. म्हणाले, प्रमिला कीर्तिकर माझ्या हाताखाली होती, तिला मी अंधारात ओळखेन. तुमच्यासारखी — आणि पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. समोर बघत होते. माझ्या मागच्या भिंतीकडे.

त्यांचं चुकत नाही. त्यांनीच शिकवलंय. माणूस ओळखीचा नसेल तर ओळख देणारा आणा, आणि अंगठा घ्या. त्याशिवाय समक्ष लिहायचं नाही. मी लिहिलं होतं.

ओळख द्यायला कोण. भाई ऑफिसात. दौलत कुठे असेल —

बाकाच्या टोकाला कोणी तरी उठलं. रुंद कपाळ. स्वच्छ शर्ट, नवा. डाग नाही. आईने पाठवलं असेल, की स्वतःच आला.

"मी वळखतो बाईंना," म्हणाला.

रघुवीर वकिलांनी त्याच्याकडे पाहिलं. लगेच दिसला त्यांना. नाव विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी माझा मजकूर हातात घेतला, वाचला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. म्हणाले, हा तर इथे उभा आहे. मग हे खोटं सांगायला आलंय ते कोण?

दत्ताराम म्हणाला, तुम्ही अंगठा घ्या, साहेब. कळेल.

त्याने ओळख दिली तर माझा कागद खोटा. नाही दिली तर मी —

त्याने माझा डावा हात उचलला आहे. उजव्याने लिहिते, अजून. अंगठा बोटांत धरलाय, हळू, गादीवर टेकवलाय. मी धरायचे तसाच. घाबरू नका म्हणतो. आता कागदावर. डावीकडून उजवीकडे. एकदाच फिरवायचा. फिरवतो आहे. रघुवीर वकील वाकून बघताहेत कागदाकडे, मीही बघते, आणि तिथे